मातकीचं शेवटचं अंडं

एका राज्यात नदी नव्हती, तळं नव्हतं, डोंगर तर औषधालाही नव्हता. होती ती वाळू. सकाळी गुलाबी, दुपारी पांढरी, सांजेला तांब्याच्या घंगाळासारखी लाल. वाळूत इथं तिथं खुरटं गवत, बोरीचं एखादं झुडूप आणि उंटांच्या पावलांचे खळगे. त्या राज्याचा राजा मरुदत्त. मनानं सरळ, बोलायला थोडा, आणि राणीवर जीव टाकणारा.

राणीचं नाव कुमुदा. ती तळ्यांच्या मुलखातली. तिच्या माहेरी दारात पाणी, परसात पाणी, मातीला कधी धूळ व्हायला सवडच मिळायची नाही. इथं आली त्या दिवशी वारा सुटला आणि डोळ्यांत वाळू, दातांत वाळू, भाताच्या घासात वाळू. तिनं ते सोसलं. आपलं काय, आपण मोठी माणसं. पण पुढं तिला मुलगा झाला आणि तिचा जीव थाऱ्यावर राहिना. बाळ रडलं की ती धावे. बाळ रडलं नाही की का रडलं नाही म्हणून धावे. झोपलेल्या बाळाच्या नाकापुढं बोट धरून श्वास बघे, आणि बोटामुळं बाळ जागं होई.

ठकूदाई म्हणून एक म्हातारी दाई होती. राजालाही तिनंच न्हाऊमाखू घातलेलं. ती म्हणायची, "बाईसाहेब, इथली पोरं वाळू खाऊनच मोठी होतात. महाराजांनी मुठीमुठीनं खाल्लीय. बघा कसे ताडमाड झाले."

राणीला ते पटत नसे.

त्या राज्यात एक रीत होती. बारशाच्या दिवशी पाळण्याची दोरी धरून आईनं एक मागणं मागायचं आणि राजानं ते सूर्य मावळायच्या आत पुरं करायचं. कुणी पैंजण मागे, कुणी माहेरची भेट. राजाच्या आजीनं म्हणे फक्त एक दिवसाची झोप मागितली होती. कुमुदा राणीनं दोरी धरली, बाळाचं नाव वसुमान ठेवलं आणि म्हणाली, "महाराज, मला दागिना नको. ही वाळू झाका. नजर जाईल तिथवर हिरवं करा. माझ्या बाळाच्या डोळ्यात कण जायला नको."

राजानं जादूगार लंबकूटाला बोलावलं. लंबकूट विणकर जादूगार. दाढी इतकी लांब की कमरेला दोन वेढे घालून गाठ मारायचा. तो आला, खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाला, "झाकेन. पण राणीसाहेब, त्याच्याखाली कोण राहतं ते पाहिलंत का?"

"कोण राहणार?" राणी म्हणाली. "ओसाड तर आहे सगळं."

"मग ठीक. धागा मात्र तुमचाच लागेल."

त्यानं राणीच्या कपाळासमोर दोन बोटं धरली आणि हवेतून एक बारीक धागा ओढला. राणीला वाटलं, डोक्यावरची घागर कुणीतरी उतरवून घेतली. लंबकूटानं त्या धाग्याचा शालू विणला. दिवस मावळायच्या आत वाळवंटावर तो अंथरला गेला. हिरवागार, लोकरीसारखा मऊ. लोक त्यावर नाचले, पोरं लोळली. त्या गवताला मूळ नव्हतं, वास नव्हता, बी नव्हतं. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. गवताचं बी कोण बघतं?

बघणारं एक होतं. त्या वाळूत मातकी नावाचं पाखरू राहायचं. चंडोलाच्या जातीचं, मुठीत मावेल एवढं, आणि रंग अस्सा की समोर बसलं तरी माणसाला मातीच दिसावी. म्हणून मातकी. ती झाडावर बसत नाही, वळचणीला घर करत नाही. भुईवर तुरुतुरु पळते, भुईवरचं बी टिपते, उंटाच्या पावलाच्या खळग्यात घरटं करते आणि वाऱ्याच्या बाजूनं बारीक खड्यांचा गडगा रचते. शालू अंथरला तेव्हा त्याखाली किती घरटी गेली ते कुणाला कळलं नाही.

दिवेलागणीला एक मातकी खिडकीतून आत आली आणि पाळण्याच्या दोरीवर बसली. उभ्या आयुष्यात ती पहिल्यांदाच जमिनीवरून उठून कशावर तरी बसली होती. ज्या आईनं पाळण्याची दोरी धरून मागणं मागितलं, तिला पाखरांचं आणि किड्यामुंग्यांचं बोलणं कळायला लागतं. बऱ्याच आया घाईत असतात, ऐकत नाहीत. कुमुदानं ऐकलं.

"राणी, माझ्या तीन पिल्लांच्या पायांखालची भुई तू घेतलीस. तुझ्या पिल्लाच्या पायांना भुई लागणार नाही."

बाकीच्यांना नुसती चिवचिव ऐकू आली. ठकूदाईनं पंखा हलवून पाखरू हुसकलं आणि म्हणाली, "शकुन झाला बरं."

दुसऱ्या दिवशी राणीनं बाळाला गादीवर निजवलं तर बाळाच्या पाठीत आणि गादीत एक बोट अंतर होतं. महिन्यानं दोन बोटं. मग मूठभर. मग वीतभर. राणीनं लांब कुंच्या शिवल्या, म्हणजे अंतर दिसू नये. दुपट्यानं बाळाला कमरेशी बांधलं, म्हणजे ते वर जाऊ नये. आणि शाप काय तो कुणाला सांगितला नाही. मागणं आपण मागितलं, चूक आपली, आता कुठल्या तोंडानं सांगायचं.

राजा यायचा, दाराशी घोटाळायचा. म्हणायचा, "राणी, जरा माझ्याकडे द्या ना."

"आत्ताच झोपलाय."

बाळ टक्क डोळे उघडून बापाकडं बघत असायचं. राजा स्वतःच्या हातांकडं बघायचा आणि परत जायचा.

इकडं शालू रोज एक पाऊल पुढं सरकत होता. मेंढ्या दिवसभर चरायच्या आणि उपाशी घरी यायच्या, कारण ते गवत पोटात टिकत नव्हतं. वर्ष होत आलं तेव्हा त्या राज्यात पाखराचा आवाज उरला नव्हता. सकाळी इतकी शांतता असे की लोक उगाच खाकरायचे.

वर्षाचा वाढदिवस दुसऱ्या दिवसावर आला. राणीनं दुपटं सैल केलं आणि बाळ हातभर वर गेलं. दुपटं ताठ झालं. उद्या दुपटं पुरणार नाही, हे तिनं ओळखलं. तिनं दासींना सांगितलं, देवीला जाऊन येते, मागं कुणी येऊ नका. आणि मातकीला शोधायला निघाली.

वाट मोठी होती पण बाळाचं ओझं नव्हतं. उलट तेच तिला वर ओढत होतं, तिचं एकेक पाऊल तीन पावलांएवढं पडत होतं. दुपार कलायच्या आत ती शालूच्या काठाशी पोचली. पलीकडं खळ्याएवढी वाळू उरली होती. सगळ्या राज्यात तेवढीच. मधोमध एका खळग्यात मातकी बसली होती. पंख लोंबलेले, चोच उघडी. पोटाखाली एक अंडं, करड्या ठिपक्यांचं.

"आलीस?" मातकी म्हणाली.

"आले."

"किती वर गेलंय?"

"हातभर."

मातकीनं मान वळवून बाळाकडं पाहिलं. बाळानं तिच्याकडं बघून लाळ गाळली.

राणी गुडघ्यांवर बसली. "बाई, शाप मागं घे. मागशील ते देते."

"शाप म्हणजे घातलेलं अंडं, राणी. ते परत पोटात घेता येत नाही. मी रागात घातला. घातल्यावर माझंच मन मला खायला लागलं. तुझं पोर काही माझं वैरी नव्हतं."

"मग आता?"

"अंड्याला एकच वाट. उबवायचं आणि फुटू द्यायचं. हे माझं शेवटचं अंडं आहे. याच्यातलं पिल्लू ज्या क्षणी भुईवर पाय टेकेल त्या क्षणी तुझंही टेकेल. पण शालू रोज पुढं येतोय. अंड्यावर आला की माझंही संपलं आणि तुझंही."

"काय करू ते सांग."

"तीन कामं. पिल्लाला खायला बी हवं. शालू उचलायला वारा हवा. तिसरं काम ही दोन झाल्यावर सांगेन. आधी सांगितलं तर तू परत जाशील."

राणी उठली.

वाळूच्या त्या तुकड्याच्या कडेला मुंग्यांचं एक जुनं वारूळ होतं. वाळवंटातल्या गवताचं बी त्यांच्या कोठारात शंभर वर्षांपासून साठत आलेलं. राणीनं वारुळाच्या तोंडाशी हात जोडले. मुंग्यांची थोरली बाहेर आली.

"पोरी, बी हवंय? देऊ. हात आत घाल, तळवा उघडा ठेव. आम्ही एकेक दाणा ठेवू. मूठ मिटायची नाही. मिटली की दाण्यांची वाळू होते. हा आमच्या खजिन्याला शाप आहे, आमच्या आधीपासूनचा."

राणीनं उजवा हात आत घातला. डाव्या हातानं दुपट्याची गाठ धरून ठेवली. दाणे पडू लागले. तेवढ्यात बाळ वर ओढलं गेलं, राणी दचकली आणि मूठ मिटली. हात बाहेर काढला तर वाळू.

"मिटलीस," थोरली म्हणाली.

दुसऱ्यांदा बाळानं नुसतं हुं केलं. तरी मूठ मिटली.

"तू मूठ उघडी कधी ठेवतेस गं?" थोरलीनं विचारलं. "तुझी झोपेतसुद्धा मिटलेली असणार."

तिसऱ्यांदा राणीनं हात आत घातला आणि हाताकडं बघायचं सोडून मुंग्यांकडं बघत बसली. एक धाकटी मुंगी आपल्यापेक्षा मोठा दाणा ओढत होती. दाणा घसरायचा, ती खाली जायची, परत धरायची. तीनदा घसरला. चौथ्यांदा तिनं दुसरीला हाक मारली आणि दोघींनी मिळून तो वर चढवला. राणी ते बघण्यात इतकी गुंतली की आपल्या कमरेला पोर बांधलंय हेही क्षणभर विसरली. भानावर आली तेव्हा तळवा भरला होता. बाळ तिथंच होतं. कुठं गेलं नव्हतं.

"आता काढ हात," थोरली म्हणाली. "आणि सांड-लवंड झाली तरी चालेल. बी सांडण्यासाठीच असतं."

तोवर सांज झाली. लंबकूटाचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. राणी त्याच्या ओसरीवर गेली आणि पहाटेपर्यंत बाळाला धरून बसली. उजाडल्यावर लंबकूट बाहेर आला, दाढीचा वेढा सोडून परत बांधत.

"वारा द्या," राणी म्हणाली. "आणि शालू उसवा."

"शालू मला उसवता येत नाही. धागा माझा नाही. तुम्हाला वाटलं असेल मी गवताचा धागा काढला. मी तुमच्या काळजीचा धागा काढला, राणीसाहेब. म्हणून तर तो वाढतोय. तुम्ही जितकी काळजी करता तितका तो विणला जातो. काल रात्री तुम्ही माझ्या ओसरीवर बसलात आणि तो तीन पावलं पुढं गेला."

राणीचा चेहरा उतरला. "हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"विचारलं होतं, खाली कोण राहतं म्हणून. आणखी एकदा विचारायला हवं होतं. ती माझी चूक." लंबकूटानं मान खाली घातली. मग तो तिला मागच्या अंगणात घेऊन गेला. तिथं मातीचा एक रांजण होता, तोंडाला झाकण, झाकणावर धोंडा. आतून कुणीतरी घोरावं तसा आवाज येत होता.

"भुईवारा यात कोंडलाय. शालू वाऱ्यापुढं टिकत नाही म्हणून कोंडावा लागला. झाकण तुम्हीच काढायचं. आणि आधीच सांगतो, पहिली धूळ जवळच्या तोंडांवर बसते. तुमच्या आणि बाळाच्या."

"बाळाला तेवढा वेळ बाजूला ठेवते."

"कुणाकडं?"

राणीनं इकडं तिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. वर्षभरात तिनं कुणाला ठेवलंच नव्हतं.

तिनं एका हातानं बाळाचे डोळे झाकले आणि दुसऱ्यानं धोंडा लोटला. झाकण उडालं. वारा रांजणाबाहेर आला तो वर्षभराची धूळ घेऊन. राणीच्या केसांत धूळ, पापण्यांवर धूळ, जिभेवर धूळ. ती खोकली. वारा जरा निवळला तेव्हा तिनं भीत भीत बाळाकडं पाहिलं. बाळ पिवळंधमक झालं होतं. त्यानं जीभ बाहेर काढली, ओठावरची धूळ चाटली, विचार केला आणि चारही दात दाखवून हसलं. मग पुन्हा जीभ बाहेर काढली.

"आवडली वाटतं," लंबकूट म्हणाला.

पदरानं राणी बाळाचं तोंड पुसायला गेली आणि पुसता पुसता थांबली.

वारा लांब गेला नाही. मांजर पायात घोटाळतं तसा तिच्या पायांशी घोटाळत चालू लागला.

राणी परत आली तेव्हा सूर्य बराच वर चढला होता आणि वाळू सुपाएवढी उरली होती. शालूचा काठ खड्यांच्या गडग्याला टेकला होता. राणीनं भोवती बी टाकलं, वाऱ्यानं त्यावर अलगद माती लोटली. मातकी एका अंगावर कलली होती.

"तिसरं काम सांग."

"अंड्यावर सावली धर."

"एवढंच?"

"एवढंच. लोकांना वाटतं अंडं ऊब देऊन वाढतं. रात्री ऊब. दुपारी या उन्हात अंडं शिजतं, राणी. दुपारी आम्ही अंड्यावर बसत नाही, पंख पसरून वर उभ्या राहतो. आज फुटायचा दिवस आहे आणि माझे पंख उचलत नाहीत. तू दोन्ही हात धर. पण मूल कमरेला बांधून जमायचं नाही. ते वर ओढणार, हात हलणार, सावली सरकणार."

राणीनं दुपट्याची गाठ आणखी घट्ट धरली.

"आमच्यात हे काम दोघं आळीपाळीनं करतात," मातकी म्हणाली. "एकानं ऊन घ्यायचं, एकानं विसावायचं. माझा जोडीदार मोकळी भुई शोधायला गेला तो आला नाही. तुझा आहे ना?"

"आहे."

"त्याला ठाऊक आहे?"

"नाही. चूक माझी होती."

"अंडं दोघांचं आणि चूक एकटीची? हे कुठलं?"

राणीनं डोळे मिटले. मग वाऱ्याला म्हणाली, "जा बाबा. महाराजांना घेऊन ये."

वारा गेला. राजा आदल्या सांजेपासून तिला शोधतच होता. वाऱ्यानं त्याचा फेटा उडवला आणि फेट्यामागं धावता धावता तो उंटासकट तिथं पोचला. मागं ठकूदाई, उंटाला मिठी मारून बसलेली, डोळे घट्ट मिटलेले.

"पोचलो का?" तिनं विचारलं. "मेलो असलो तर सांगू नका."

राजा उतरला. राणीनं काही सांगितलं नाही. तिनं दुपट्याची गाठ सोडली आणि नुसतं टोक धरलं. बाळ वर गेलं आणि हवेत पाय हलवत राहिलं. ठकूदाईनं तोंडावर हात ठेवला.

"हे कधीपासून?" राजानं विचारलं.

"बारशापासून. त्या पाखराचा शाप आहे. मी मागणं मागितलं त्याच्यापायी."

राजानं बाळाकडं पाहिलं, मग राणीच्या कमरेवर पडलेल्या दुपट्याच्या वळाकडं.

"आणि वर्षभर तुम्ही एकटीनं धरून ठेवलंत," तो म्हणाला. "द्या इकडं."

राणीनं बाळ खाली ओढलं आणि त्याच्या हातात दिलं. पण तिची बोटं सुटेनात. "घट्ट धरा."

"धरलंय."

"मानेखाली हात."

"त्याची मान आता धरते, राणी. वर्षाचा झाला तो."

"इतकं घट्ट नको."

"बाईसाहेब," ठकूदाई म्हणाली, "महाराजांनी माजलेले हत्ती आवरलेत."

"हत्ती वर जात नाहीत, ठकूदाई."

पण बोटं सुटली. राणी खळग्याशी ओणवी झाली आणि तिनं दोन्ही हात अंड्यावर पसरले. करड्या अंड्यावर तिच्या तळव्यांची सावली पडली.

ऊन वाढलं. पाठ तापली, मान तापली, हात भरून आले. दर घडीला ती मान वळवून बघायची, राजा बाळाला नीट धरतोय का. तिनं मान वळवली की सावली हलायची, आणि शालूचा काठ एका बोटानं पुढं यायचा. मातकी नुसती बघत होती.

मग राजा म्हणाला, "आता माझी खेप." त्यानं बाळ राणीकडं दिलं आणि फेट्याशिवाय, उघड्या डोक्यानं खळग्यावर ओणवा झाला. त्याचे हात मोठे होते. सावली खळगाभर झाली. राणी बाळाला घेऊन बसली. तिनं पाहिलं, बाळाच्या मुठीत बापाच्या अंगरख्याचा एक बंद होता, उपटून घेतलेला. बाळ खूश होतं.

पुन्हा तिची खेप. पुन्हा त्याची. तिसऱ्यांदा बाळ देताना ती 'घट्ट धरा' म्हणाली नाही. चौथ्यांदा देताना तिनं पाहिलंही नाही, नुसता हात पुढं केला आणि त्यानं घेतलं.

वाऱ्याला तेवढंच हवं होतं. त्यानं शालूच्या काठाखाली नाक घातलं आणि उचललं. काठ सैल झाला होता. जेवणं झाल्यावर पंगतीची बस्करं गुंडाळावीत तसा वारा तो शालू गुंडाळत निघाला. लांबपर्यंत, राजवाड्यापर्यंत, त्याच्याही पलीकडं. त्याखालून जुनी वाळू निघाली, पट्टी सोडल्यावर दिसणाऱ्या कातडीसारखी फिकट आणि ओलसर. ऊन लागलं आणि ती हळूहळू रंगावर आली. राणीनं हे काहीच पाहिलं नाही. तिची खेप होती.

हातांखाली टक् झालं. मग आणखी एकदा. करड्या ठिपक्यांतून एक रेघ गेली, रेघेतून चोचीचं टोक आलं.

"हात काढू का?" राणीनं विचारलं.

"अजून नको," मातकी म्हणाली. "त्याला स्वतः बाहेर येऊ दे. ओढून काढलं तर पाय कच्चे राहतात."

फार वेळ गेला. अंडं दोन झालं. मध्ये एक ओलं, कुरूप, सुंदर पिल्लू. ते पडलं, उठलं, परत पडलं. मग त्यानं एक पाय भुईवर टेकवला. मग दुसरा.

"राणी," राजाचा आवाज आला. "हा जड झाला."

राणीचे हात पिल्लावर होते, ऊन अजून कडक होतं, हात काढता येत नव्हते.

"खाली ठेवा त्याला," ती म्हणाली.

"वाळू तापलीय."

"ठेवा."

राजानं बाळाला वाळूवर उभं केलं. वसुमानचे पाय जन्मात पहिल्यांदा भुईला लागले. वाळू चटका देत होती. त्यानं एक पाय उचलला, तो टेकवून दुसरा उचलला. ओठ काढला. आईकडं बघून मोठ्यानं रडला. राणीचा सगळा जीव त्याच्याकडं धावला, पण हात जिथले तिथं राहिले. राजा उचलायला वाकला, तर ठकूदाईनं त्याचा हात धरला.

बाळानं रडता रडता इकडं तिकडं पाहिलं. सगळीकडं ऊन होतं. एकाच जागी सावली होती. त्यानं एक पाऊल टाकलं, पडलं, उठलं. मग चार पावलं, पाय झटकत, पाखरासारखी. आणि आईच्या हातांखाली येऊन, पिल्लाशेजारी, धपकन वाळूत बसलं. रडणं थांबलं. दोघंही एकमेकांकडं बघत राहिली.

सूर्य कलेपर्यंत राणीनं सावली धरली. मध्ये राजाही येऊन तिच्या शेजारी बसला आणि त्याचे हात तिच्या हातांवर आले.

पुढं पाऊस झाला तेव्हा पेरलेलं बी उगवलं, पिवळं, खुरटं आणि दाण्यांनी भरलेलं. मेंढ्यांची पोटं भरली. इतर राज्यांत गेलेल्या मातक्या एकेक करून परत आल्या. शाप देणाऱ्या मातकीचा जोडीदार त्यांत नव्हता. ती अधूनमधून उंचवट्यावर उभी राहून वाट बघायची, मग पिल्लानं हाक मारली की खाली पळायची. लंबकूटानं शालू कापून त्याची पाळण्याएवढी दुपटी केली आणि त्याहून मोठं काही विणायचं नाही असं ठरवलं. राजानं आज्ञा काढली की यापुढं कुठंही घर बांधायचं, विहीर खणायची, काही झाकायचं, तर आधी नवराबायकोनं त्या जागी उगवतीपासून मावळतीपर्यंत गप बसायचं आणि तिथं कोण राहतं ते बघायचं. त्या राज्यात ही रीत अजून आहे.

राणीची काळजी गेली का म्हणाल, तर नाही. ती कुठं जाते. पण आता ती दोघांत होती, आणि दोघांत असलेल्या काळजीचा शालू होत नाही.

ज्यांची पिल्लं भुईला लागायची राहिलीत, त्यांचीही लागोत. ही गोष्ट ज्या पाखरानं सांगितली ते उडून गेलं नाही. दोन पावलं तुरुतुरु पळालं आणि वाळूत दिसेनासं झालं.